हिल्काशिवाय चालणारी शाळा

आमच्या हौकिवारा गावातल्या माणसाला तुम्ही चोर म्हणा, एकवेळ तो ऐकून घेईल. पण ‘मिरवतोय मेला’ म्हटलंत की संपलं. त्याने खुशाल गाठोडं बांधून गाव सोडावं. म्हाताऱ्या उर्होचंच घ्या. एका हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यात त्याला असा धूड मासा लागला की बर्फातलं भोक फोडून मोठं करावं लागलं. दुसऱ्या गावचा असता तर दारोदार दाखवत फिरला असता. ह्याने काय करावं? मासा ढकलगाडीवर टाकला, वरून पोतं टाकलं आणि मागच्या वाटेने घरी आला. वाटेत कुणी विचारलं, “लागलं का काही?” तर म्हणे, “छे, दोन बारके.” पोत्याखालून शेपूट लोंबत होतं. विचारणाऱ्यालाही ते दिसत होतं. तोही “बरं बरं” म्हणत निघून गेला.

अशा गावात हिल्का मॉइलानेन शाळेची मुख्याध्यापिका होती, आणि ह्या बाबतीत तिने अख्ख्या गावाला मागे टाकलं होतं. तिच्या वेलदोड्याच्या पावाला कुणी चांगलं म्हटलं तर म्हणायची, “ह्या वेळी यीस्ट चांगलं निघालं.” पोर वाचायला शिकलं, तर “त्याचं ते शिकलं.” छपरावरचा बर्फ एकटीने ओढून काढला, तर “वारं होतं, उडून गेला.” अगं बाई, वाऱ्याने पायऱ्याही झाडल्या का? पण नाही. ‘मी केलं’ हे दोन शब्द तिच्या तोंडून निघतील तर शपथ.

मुख्याध्यापिका म्हटल्यावर वेगळी खोली, फिरती खुर्ची वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. पिवळ्या लाकडाची शाळा, दोन वर्ग, एक छोटा हॉल आणि एक स्वयंपाकघर. धाकट्यांना एक तरुण मास्तर शिकवायचा, थोरल्यांना हिल्का. फोन उचलणं, गोठलेला नळ वितळवणं, कुणाच्या नाकातून रक्त आलं तर कापूस शोधणं, हे सगळं मुख्याध्यापिकेचं काम. पोरं तिला नुसतं हिल्काच म्हणायची. “हिल्का, तुझ्या पायमोज्याचं भोक दिसतंय गं!” असं भर वर्गात सांगायची, आणि ती पाय मागे घ्यायची.

स्वयंपाकघरात एल्ली होती. एल्लीची आई पूर्वेची, कारेलियाकडची, आणि तिकडची माणसं बोलघेवडी. त्यामुळे आमच्या गावाच्या तोंडाला लागलेलं कुलूप तिच्या तोंडाला कधी लागलंच नाही. गुरुवारचं वाटाण्याचं सूप ढवळता ढवळता ती सगळ्या गावाची उणीदुणी काढायची. “माझ्यासारखं सूप सगळ्या तालुक्यात कुणी करून दाखवावं,” असं ती उघड म्हणायची, आणि गाव कानांवर हात ठेवायचं. पण सूप मात्र दोनदा मागून घ्यायचं.

शाळेवर संक्रांत आली ती इंग्रजीपायी. तालुक्याहून आठवड्यातून दोनदा भाषेच्या बाई यायच्या. एका जानेवारीत त्यांची गाडी घसरून झाडाला लागली. बाईंना खरचटलंसुद्धा नाही, पण त्यांनी ह्या रस्त्याला कायमचा रामराम ठोकला. दुसरं कुणी यायला तयार होईना. आता, भाषा शिकवायला माणूस नाही म्हणजे शाळा चालवता येत नाही, हा नियम. पालिकेला तेवढंच निमित्त हवं होतं. पोरं आधीच कमी, छप्पर जुनं, रस्ता लांब.

हिल्का तेव्हा साठीला आली होती. मोबाइल हातात धरायची तो विंचू धरल्यासारखा. पण शाळा जाते म्हटल्यावर बाई हलली. ओउलू शहरातल्या एका शिक्षिकेला, मार्युतला, तिने फोन केला. मार्युत म्हणाली, “मी इथूनच शिकवते ना, तुमच्या भिंतीवर स्क्रीन लावा.” स्क्रीन मिळाला, पण इंटरनेट कुठून आणणार? कंपनीने सांगितलं, तुमच्या गावासाठी केबल टाकणं परवडत नाही. मग काय, गावाने श्रमदान काढलं. अख्खा उन्हाळा, डासांचे ढग अंगावर घेत, मोठ्या रस्त्यापासून शाळेपर्यंत लोकांनी चर खणला. सगळ्यात पुढे फावडं घेऊन हिल्का, मागे उर्हो, आणि एल्ली कॉफीची किटली घेऊन ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. केबल लागली तेव्हा कुणीतरी हिल्काला म्हणालं, “तुझ्यामुळे झालं.” ती म्हणाली, “जमीन मऊ होती.”

पहिल्या दिवशी मार्युत स्क्रीनवर आली, गोड हसली, आणि तिने इंग्रजीत विचारलं, तुमची नावं काय? वर्ग ढिम्म. आमची पोरं समोरच्या माणसाशी बोलायला आठवडा घेतात, ती भिंतीशी काय बोलणार! मार्युतला वाटलं चित्र अडकलं. “आवाज येतोय का? हॅलो? सगळे गोठलेत इथे!” पोरं तिच्याकडे बघत राहिली. तास असाच गेला.

हिल्काने त्यावर काय केलं ते नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिने आपली खुर्ची उचलली आणि पोरांमध्ये नेऊन ठेवली. हातात विणकाम घेतलं. विणता विणता तिचं लक्ष पोरांवर. कुणाचे कान लाल झाले की त्याला उत्तर येतंय पण सांगवत नाहीये. लोकरी मोज्यांतली पायांची बोटं कुणी आखडून घेतली की त्याच्या डोक्यावरून गेलंय. हिल्का विणत असली की मार्युतने पुढे जायचं. विणकाम मांडीवर ठेवलं की थांबायचं, मागे यायचं. सुई ज्या पोराकडे वळेल त्याला विचारायचं. असं दोघींचं ठरलं होतं. दोन वर्षं मार्युतने तो वर्ग शिकवला तो हिल्काच्या सुयांकडे बघून. पोरं बोलायला लागली, हसायला लागली, चक्क इंग्रजीत भांडायला लागली.

आणि सेन्या. सेन्या ही उर्होची नात. आई तिला आजोबांकडे सोडून गेली ती परत आलीच नाही. पोर शाळेत आली तेव्हा तोंडात जीभ आहे की नाही असं वाटायचं. मुकी नव्हती, घरी कुत्र्याशी बोलायची. पण शाळेत एक अक्षर नाही. हिल्का रोज तिच्या शेजारी जाऊन बसायची. काही विचारायची नाही, नुसती विणायची. पुढे पुढे सेन्या सकाळी आल्या आल्या शेजारची खुर्ची पायाने बाहेर सरकवून ठेवायला लागली. तोंडाने ‘ये, बस’ म्हणणं नाही, पायाने खुर्ची सरकवणं. मग हिल्काच्या कोपराशी तोंड नेऊन कुजबुजायला लागली. आणि एका सकाळी मार्युतने विचारलं, कुत्र्याचं नाव काय, तेव्हा सेन्याने स्क्रीनकडे बघून खणखणीत सांगितलं. पूर्ण वाक्य. तिकडे ओउलूत मार्युतला रडू आवरेना. इकडे हिल्काने विणकाम खाली ठेवलं, कारण तिला टाके दिसेनात. दुपारी एल्लीला सांगताना म्हणाली, “पोर तयारच होती. बोलली.”

“आणि तू काय करत होतीस?” एल्लीने विचारलं.

“मोजा विणत होते. टाच वळवत होते.”

“तुझ्या त्या टाचेला आग लागो,” एल्ली म्हणाली.

बातमी तालुक्याला गेली. पालिकेचा शिक्षणप्रमुख यार्को पाहुण्यांना घेऊन आला. यार्को वाईट माणूस नव्हता हो. चाळिशीचा, दमलेला, खिशात कायम ऍसिडिटीची गोळी. सगळ्या शाळांना पुरेल एवढं पांघरूण त्याच्याकडे नव्हतं, तो बापडा एकीकडे ओढायचा तर दुसरीकडे उघडं पडायचं. तो वर्गात मागे उभा राहिला. पोरं टकाटका उत्तरं देत होती, मार्युत हसत होती, आणि मध्ये मुख्याध्यापिका मोजे विणत बसलेली.

“वा!” यार्को पाहुण्यांना म्हणाला. “बघा, पोरं शिकतायत, आणि हिल्काला कामच उरलेलं नाही. मोजे विणतेय!”

सगळे हसले. हिल्काही कसनुशी हसली. “कसं जमवलंस गं हे?” त्याने विचारलं.

“जमवायचं काय त्यात? यंत्र चांगलं आहे. बटण दाबलं की होतं.”

दारात एल्ली हातात डाव घेऊन उभी होती. पाहुणे गेल्यावर तिने हिल्काला फैलावर घेतलं. “बटण दाबलं की होतं? अगं भवाने, मग दोन वर्षं तू काय गवत उपटत होतीस? सांग ना त्याला सुयांचं! सांग ना सेन्याचं!”

“सांगायचं काय? दिसतंच ना सगळ्यांना.”

“काय दिसतं? त्याला मोजा दिसला!”

हिल्काने सुया पिशवीत ठेवल्या. तिला खरंच वाटत होतं की चांगलं काम आपोआप दिसतं. आमच्याकडे सगळ्यांनाच असं वाटतं. पोत्याखालून शेपूट दिसतंच ना!

पुढच्या हिवाळ्यात पालिकेने ठरवलं की एक शाळा बंद करायची. कुठली, हे गावात येऊन, लोकांचं ऐकून ठरवणार होते. तारीख लागली तशी एल्लीने हिल्काला धरलं. “हे बघ, तुला फक्त एकदा बोलायचंय. आयुष्यात एकदा. ‘माझ्याशिवाय हे चालत नाही.’ एवढंच. म्हण बघू.”

“मला नाही जमणार.”

“तालीम करू. चल.”

तालीम झाली एल्लीच्या सौनात, म्हणजे वाफेच्या न्हाणीत. शनिवारची संध्याकाळ, दोघी घामाने निथळतायत, एल्ली दगडांवर पाणी ओतते आणि वाफेतून ओरडते, “म्हण!”

“हे… आपल्याशिवाय…”

“आपल्याशिवाय नाही! माझ्याशिवाय!”

“एल्ली, भाजतंय गं.”

“म्हटल्याशिवाय दार उघडणार नाही मी!”

शेवटी, अंधारात, तोंड भिंतीकडे करून हिल्का म्हणाली, “माझ्याशिवाय हे चालत नाही.” आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. एल्लीने तिच्या उघड्या पाठीवर ओल्या भूर्जाच्या डहाळीने, सौनात मारायची रीतच असते तसे, आनंदाने फटके मारले. मग दोघी बाहेर येऊन पायरीवर बसल्या. अंगातून वाफा निघत होत्या. हिल्का म्हणाली, “खोटं नाहीये ना गं ते?”

“नाही गं बाई,” एल्ली म्हणाली. “खरं आहे, म्हणून तर जड जातंय.”

सभेच्या दिवशी अख्खं गाव शाळेच्या हॉलमध्ये जमलं. बूट दाराशी काढून सगळे लोकरी मोज्यांवर, बाकांवर ओळीने बसले. त्यातले अर्धे मोजे हिल्काने विणलेले. एल्ली स्वयंपाकघरात, एवढ्या माणसांची कॉफी तिच्यावाचून कोण करणार? जाता जाता तिने हिल्काच्या कानात सांगितलं, “एक वाक्य.” हिल्काने मान हलवली. तिने ते वाक्य सकाळपासून इतक्यांदा घोकलं होतं की ओठ सुकले होते.

यार्कोने आकडे सांगितले, छपराचं सांगितलं, मग चष्मा काढून म्हणाला, “सरळ विचारतो. ह्या शाळेचं आम्हाला कौतुक आहे, म्हणूनच विचारतो. हिल्का, तू नसलीस, नुसता स्क्रीन तालुक्याच्या शाळेत लावला, तर हे वर्ग चालतील का?”

अहो, देवाने समोर आणून ठेवलेला प्रश्न! ह्याहून सरळ कुणी विचारावं? हिल्का उभी राहिली. समोर यार्को, आणि पाठीशी सगळं गाव. एकेकाचा श्वास ऐकू येत होता. पाठीवर त्या सगळ्यांचे डोळे तिला असे जाणवले की मान ताठ झाली. ह्या लोकांसमोर, ज्यांनी चर खणला त्यांच्यासमोर, ‘माझ्याशिवाय’ म्हणायचं?

“माझ्या…” ती म्हणाली आणि थांबली. मानेपासून कानांपर्यंत लाल झाली. समोर तिची पोरं असती तर त्यांनी ओळखलं असतं की उत्तर येतंय पण सांगवत नाहीये. पण समोर यार्को होता.

“माझ्यावाचून काही अडणार नाही,” ती म्हणाली. “यंत्र चांगलं आहे.” आणि खाली बसली.

यार्कोने मान हलवली. त्यालाही थोडं हलकं वाटलं असावं. “कुणाला काही बोलायचंय?” त्याने गावाला विचारलं.

आता मला सांगा, तिथे बसलेल्यांपैकी कुणाला खरं ठाऊक नव्हतं? प्रत्येकाला ठाऊक होतं. कान, बोटं, सुया, सगळं पोरं रोज घरी सांगत होती. पण माणसाची त्याच्या तोंडावर तारीफ करायची म्हणजे त्याला चारचौघांत नागडं करण्यासारखं. आणि तिने नाही म्हटल्यावर आपण हो म्हणायचं म्हणजे तिला खोटं पाडणं. उर्होने घसा खाकरला. सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. सेन्या त्याच्या शेजारी बसली होती, तिनेही वर बघितलं. उर्होने खिशात हात घातला, रुमाल काढला, नाक पुसलं आणि रुमाल परत खिशात ठेवला. मला अजून तो रुमाल आठवला की संताप येतो. पण मी तरी कुठे उठलो होतो? मीही तिसऱ्या बाकावर पायांकडे बघत बसलोच होतो.

एल्ली ट्रे घेऊन आत आली तेव्हा यार्को शेजारी टिपणं घेत बसलेल्या बाईला सांगत होता, “लिहा, गावाचा आक्षेप नाही.”

“काय झालं?” एल्लीने विचारलं. तिने हिल्काकडे बघितलं, आणि ट्रे धाडकन बाकावर ठेवला. “अरे ढोरांनो,” ती म्हणाली, “अरे बोला की कुणीतरी!” पण तोवर यार्कोने कागद पिशवीत घातले होते, आणि लोक कॉफीसाठी उठायलाही लागले होते.

जूनमध्ये शाळा संपली ती कायमची. स्क्रीन तालुक्याच्या शाळेला द्यायचा होता. हिल्कानेच तो भिंतीवरून उतरवला, व्यायामाच्या गादीत गुंडाळला, आणि तारा वेगवेगळ्या बांधून प्रत्येकीला चिठ्ठी लावली, म्हणजे तिकडच्यांना त्रास नको. तिला पेन्शन लवकर मिळाली. तरुण मास्तर दक्षिणेकडे निघून गेला. ऑगस्टपासून पोरं सकाळी टॅक्सीत बसून तालुक्याला जायला लागली.

ऑक्टोबरात यार्कोचा फोन आला. स्क्रीनचा आवाज नीट येत नाहीये, जरा येऊन दाखवशील का? हिल्का पहिल्या बसने गेली. जाताना विणकाम घेतलं, का ते तिलाही ठाऊक नसावं.

मोठी शाळा, मोठा वर्ग, चार गावांची पोरं. भिंतीवर तोच स्क्रीन, त्यावर तीच मार्युत. पण मार्युतचे डोळे सारखे काहीतरी शोधत होते. कोपऱ्यात मदतनीस म्हणून नेमलेली एक मुलगी मोबाइल बघत होती. हिल्काने दारातूनच पाहिलं, एक तार उलटी खोचली होती. क्षणात तिने ती काढून नीट लावली. आवाज आला. काम संपलं.

मग तिला सेन्या दिसली. मागच्या रांगेत, भिंतीकडे. पाठ ताठ, तोंड मिटलेलं. पायांची बोटं मोज्यांत आखडलेली.

“ही मुलगी कशी आहे?” तिने मदतनिसाला हळूच विचारलं.

“कोण, ती? फार गुणी. काही त्रास नाही तिचा. ऑगस्टपासून एक शब्द बोलली नाही बघा.”

सेन्याने मान वळवली. हिल्का दिसली तशी ती हसली नाही, काही नाही. फक्त पाय पुढे करून तिने शेजारची खुर्ची बाहेर सरकवली.

हिल्काने एक पाऊल टाकलं. मदतनीस मुलगी अदबीने मध्ये आली. “सॉरी हं, तास चालू असताना बाहेरच्या कुणाला आत बसता येत नाही.” आणि जाता जाता, वाटेत येत होती म्हणून, तिने ती खुर्ची परत आत ढकलली.

यार्को बाहेर उभा होता. “झालं? वा! बघ, चालतंय की नाही? तू म्हणालीसच होतीस.”

हिल्काने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, “नाही चालत.”

“काय?”

“माझ्याशिवाय हे चालत नाही.”

स्पष्ट म्हणाली. न लाजता, न थांबता, त्याच्या डोळ्यांत बघून. यार्को खो खो हसत सुटला. तिच्या खांद्यावर थोपटत म्हणाला, “हिल्का, तू पण थट्टा करायला शिकलीस की! पेन्शन मानवली तुला.” आणि हसतच फोन घ्यायला आत गेला.

घरी आली तेव्हा एल्ली पायरीवर वाट बघत होती. दोघी आत गेल्या. एल्लीने कॉफी ठेवली. “पोर भेटली?”

“हो.”

“बोलली काही?”

“नाही.”

“आणि तू?”

“म्हटलं मी. सौनातलं वाक्य.”

एल्लीने किटली खाली ठेवली. “खरंच? कुणाला? यार्कोला? मग? काय म्हणाला तो?”

हिल्काने पिशवीतून विणकाम काढलं, टाके मोजायला लागली, आणि मध्येच सोडून दिलं. “हसला,” ती म्हणाली.

एल्लीने तोंड उघडलं, आणि परत मिटलं. मग तिने दोन कप भरले, आणि दोघी खिडकीशी बसून राहिल्या. समोरच्या रस्त्यावरून शाळेची टॅक्सी आली, उर्होच्या फाटकाशी थांबली. सेन्या उतरली आणि घरात गेली.